परवा म्हणजे नेमकं कधी

मित्रांनो, मी एक जुनं पॅड आहे. परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारून नेता ना, वर पत्र्याचा चिमटा असलेलं, तेच. माझा डावा कोपरा झिजलाय आणि पाठीवर कर्कटकाने कोरलेला सातचा पाढा आहे. त्यात ७ × ९ = ६४ असं आहे. चूक माझी नाही, पण सतरा वर्षं पाठीवर मीच वागवतोय.

कारखान्यात लगदा दाबून मला बनवलं, डोक्यावर चिमटा ठोकला आणि भावंडांच्या गठ्ठ्यात बांधून एका स्टेशनरीच्या दुकानात पाठवलं. तिथे एक बाई आली. तिने एकेकाचा चिमटा उघडून, मिटवून पाहायला सुरुवात केली. अकरा पॅडं झाल्यावर दुकानदार म्हणाला, "बाई, पॅड घेताय की दात तपासताय?"

"भाचीसाठी घेतेय," ती म्हणाली. "ऐन परीक्षेत पेपर उडाला तर धरायला तुम्ही येणार आहात का?"

बारावा मी. घरी नेऊन तिने माझ्या चिमट्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका काढला, वर्गात अदलाबदल होऊ नये म्हणून. ही मोठी आत्या. तिची चौथीतली भाची ती माझी मालकीण. पाढा तिनेच कोरला. आत्याने तेव्हाच पाहून बजावलं होतं, "चाराचा तीन कर आधी." मालकीण हो म्हणाली आणि खेळायला पळाली.

मित्रांनो, पुढे मी पुष्कळ परीक्षा दिल्या. मालकीण मला 'लकी पॅड' म्हणायची. पास झाली की श्रेय माझं, नापास झाली की पेपर काढणाऱ्याचं, असा आमचा व्यवहार होता. मग तिच्या परीक्षा संगणकावर होऊ लागल्या आणि मी कपाटावर, एका चाक मोडलेल्या सुटकेसखाली जाऊन पडलो. धूळ, पाली आणि वर सुटकेस. चिमट्याची स्प्रिंग तिथेच ढिली झाली.

एक दिवस मालकिणीच्या काकांनी मला ओढून काढलं, धोतराच्या जुन्या फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "हे बेस्ट आहे." मालकिणीचं लग्न ठरलं होतं! शुक्रवारी पाहुणे जमणार, शनिवारी दोन्ही घरांची ओळख, रविवारी लग्न. बाहेरगावचे चोपन्न पाहुणे, दोन लॉज, अठरा खोल्या, एक मिनीबस, आणि हे सगळं माझ्या चिमट्यात. मला तर पुन्हा पहिल्या पेपराला निघाल्यासारखं झालं. काकांना घरात यादीकाका म्हणत. फोनमधल्या यादीवर त्यांचा विश्वास नव्हता. "कागद समोर धरून भांडता येतं," ते म्हणायचे.

माणसं किती साधी असतात ते मला त्या यादीतून कळलं. "आमचं काही नाही हो, कुठेही पथारी टाकू," असं सात जणांनी कळवलं होतं. त्यातल्या पाचांना खालचा मजला हवा होता, तिघांना खिडकी, आणि एका मावसकाकांना खोलीत घोरणारं कुणी चालणार नव्हतं. ते स्वतः घोरतात हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

पण घराचं सगळं लक्ष एकाच पाहुणीकडे होतं. मोठी आत्या. सोळा वर्षांपूर्वी ती यादीकाकांच्या लग्नाला आली, तेव्हा स्टेशनवर न्यायला कुणीच गेलं नाही. बाबांना वाटलं काका गेले, काकांना वाटलं बाबा गेले. आत्या दोन तास ट्रंकेवर बसली आणि पुढच्या गाडीने परत गेली. त्यानंतर फोनवर बोलायची, पण या घराची पायरी चढली नाही. भाचीच्या लग्नाला मात्र ती हो म्हणाली होती. अट एकच, स्टेशनवर कुणीतरी असू दे. यंदा चुकलं असतं तर ती पुन्हा कधीच आली नसती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बुधवारी तिचा फोन आईने घेतला. शिंपिणीकडून नुकतीच आलेली, हातात पिशव्या. आईने चिठ्ठीवर लिहिलं, 'आत्या, परवा सकाळी ७.१० ची गाडी,' आणि चिठ्ठी माझ्या चिमट्यात खुपसली. काकांनी ती वाचली गुरुवारी. मान डोलावून त्यांनी शनिवारच्या पानावर नोंद केली. मी दोन्ही दिवस तिथेच होतो. तोंड असतं तर ओरडलो असतो.

शुक्रवारी सकाळी पावणेसातच्या सुमाराला मालकीण नुकती न्हाऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून, खोल्या कशा वाटल्यात ते पाहायला आली. तिने मला उचललं आणि माझ्या ढिल्या चिमट्यातून ती चिठ्ठी तिच्या पायावर पडली. ढिलेपणाचा मला आयुष्यात एवढा एकदाच अभिमान वाटला.

"आई, ही चिठ्ठी कधीची?"

"आत्यांच्या फोनची. परवाची."

"परवा फोन आला, की परवा येणार?"

"परवा फोन आला, परवा येणार म्हणून. साधं तर आहे."

"म्हणजे उद्या," काका म्हणाले. "मिनीबस सांगून ठेवलीय मी."

"काका, तुम्ही वाचलीत कधी?"

"काल."

"आणि आई, लिहिलीस?"

"ब्लाउज आणले त्या दिवशी. बुधवारी."

बाबा बोटं मोजू लागले. बुधवार, गुरुवार, आणि तिसऱ्या बोटावर थांबले. घड्याळात सात वाजत आले होते.

"वहिनी, तारीख घालायला काय झालं होतं?"

"आणि तुम्हाला विचारायला?"

आत्याचा फोन बंद. बॅटरी वाचावी म्हणून प्रवासात ती तो बंदच ठेवते. बाबांनी घाईत एक चप्पल स्वतःची आणि एक काकांची घातली, तोवर मालकिणीने स्कूटरची किल्ली घेतली होती.

"अगं, नवरीने असं ओल्या केसांनी जायचं?"

"नवरी रविवारी, आई. आज भाची."

आत्याने तिला सोळा वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणून मालकिणीने कोऱ्या कागदावर 'मोठी आत्या' असं जाड अक्षरात लिहिलं, कागद मला लावला आणि मला दोन पायांमध्ये धरून स्कूटर पिटाळली. काय सांगू मित्रांनो, असा वारा मी कधीच खाल्ला नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी येऊन वीस मिनिटं झाली होती. मालकिणीने फलाटाच्या दाराकडे तोंड करून मला डोक्यावर धरलं. माणसं येत होती, कागद वाचून निघून जात होती. हळूहळू दार रिकामं झालं. चवड्यांवर उभं राहून तिने मला आणखी उंच धरलं.

आमच्या पाठीमागे तिकिटांची रांग होती. तिथून आवाज आला, "सात नवे त्रेसष्ट. सतरा वर्षांत एवढं दुरुस्त करता आलं नाही तुला?"

परतीच्या तिकिटासाठी आत्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे दोनच जण उरले होते.

"कोण विसरलं या वेळी?" तिने विचारलं. बॅग तिने खाली ठेवली नव्हती.

"कुणीच नाही. परवा चुकला," मालकीण म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. आत्याने तिच्या केसांतून ओघळणारं पाणी पाहिलं, पायातल्या बाथरूमच्या स्लिपर पाहिल्या. मग माझ्या चिमट्यावरच्या लाल ठिपक्यावर तिने अंगठा फिरवला.

"धर," असं म्हणून तिने बॅग भाचीकडे दिली. "मला खालचा मजला हवाय. आणि घोरणारं कुणी नको."

रविवारी लग्न लागलं, सगळे जेवायला वळले, तेव्हा आत्या मला मांडीवर घेऊन बसली. चिमट्याला तिने रबरबँडची दोन वेटोळी घातली. मग पदराची सेफ्टीपिन काढून चाराचा तीन केला. सरळ नाही आला, पण वाचता येतो.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. आमचा चिमटा उगाच टकटक वाजवू नका आणि आमच्यावर सुटकेस ठेवू नका. आणि कुणी येणार असलं की 'परवा' लिहू नका, तारीख लिहा. स्टेशनवर कुणीतरी आपली वाट पाहत असतं.