त्या सकाळचा दुसरा अध्याय

अयोध्याबाईंचं सकाळचं मौन धाराशिवकडच्या वाशीत कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. अकरा वर्षांमागं मुलगा रणधीर तापानं फणफणून अंथरुणाला खिळला होता, तेव्हा त्यांनी सोनारीच्या भैरवनाथापुढं पदर पसरला होता. उठल्यापासून पोथीचा एक अध्याय वाचून होईपर्यंत तोंडातून अक्षर काढणार नाही, असं त्या बोलल्या होत्या. मुलगा उठला, शिकला, पुण्याला नोकरीला लागला. व्रत मात्र चालूच राहिलं. दूधवाल्यासाठी दारामागं पाटी टांगलेली असायची, सुतळीला खडू बांधलेला. ‘आज अर्धाच लिटर’ एवढं लिहिलं की भागायचं. आणि त्या वेळात दारी जो येईल त्याच्या तळहातावर देवापुढची खडीसाखर ठेवायची, हाही नेमच होता. मग तो पोस्टमन असो की वीजबिलवाला.

गाडी रणधीरनं घेऊन दिलेली. मागं डिकी असलेली, लांबलचक, पांढरी. अयोध्याबाईंचे यजमान रामहरी गुरुजी यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, क्लच दाबताना जीव जायचा, म्हणून मुलानं वापरलेली का होईना पण ऑटोमॅटिक पाहून आणली होती. दोन वर्षं बरी चालली. मग चैत्रात सोनारीहून दर्शन करून येताना तिनं रंग दाखवला. तासभर चालून झालं होतं, भूमच्या पुढं जरा चढ लागला, आणि इंजिन नुसतंच गरजायला लागलं. आवाज मोठा, गाडी जागची हलेना. मग एकदम मागून कुणी लाथ घालावी तसा हिसका देऊन ती पुढं झेपावली. अयोध्याबाईंच्या मांडीवरचा प्रसादाचा नारळ पायाशी गेला. लिंबाखाली अर्धा तास गाडी उभी केली, निवली, आणि जसं काही झालंच नाही अशी घरी आली.

धाराशिवच्या महालिंगप्पा मिस्त्रीनं गाडी फिरवून पाहिली आणि हात पुसत सांगितलं, की या गाड्यांचं दुखणं अंगात ऊब आल्यावरच बाहेर पडतं. थंड असताना कुणाच्या बापाला कळायचं नाही. गिअरबॉक्स खोलावा लागेल, आणि एवढा खर्च करण्यापेक्षा दुसरी गाडी परवडेल. एवढ्या बोलण्यातलं गुरुजींनी एकच वाक्य घरी आणलं. थंड असताना कळत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी गिअरबॉक्सचं ऑइल तेवढं नवं घालून आणलं. कशासाठी, ते अयोध्याबाईंनी विचारलं नाही. न विचारताच त्यांना कळलं होतं.

शब्बीर गाडी बघायला आला तो शनिवार होता. शिलाई मशिनी दुरुस्त करायचं त्याचं दुकान बाजारपेठेत. चौथीत गुरुजींच्या हाताखाली शिकलेला. लहानपणीच्या पोलिओनं डावा पाय वाळलेला, त्यामुळं क्लचची गाडी त्याच्या कामाची नव्हती. ऑटोमॅटिकला एक उजवा पाय पुरतो. त्याच्या आईला, अजीजाबींना, दर मंगळवारी बार्शीच्या दवाखान्यात न्यावं लागायचं, आणि एसटीची पायरी चढताना म्हातारीला धाप लागून डोळ्यापुढं अंधारी यायची. वाशी ते बार्शी म्हणजे तासाभराची वाट. ते ऐकताच अयोध्याबाईंना भूमच्या पुढचा चढ आठवला. गुरुजींनी त्याला सकाळी आठला बोलावलं होतं. आठला गाडी थंड असते. आणि आठला अयोध्याबाई बोलत नाहीत.

त्या देवघरात पोथी वाचत होत्या. देवघराची खिडकी अंगणात उघडायची, तेव्हा कान बंद करायची सोय नव्हती. शब्बीरच्या सोलापूरच्या मामेभावानं, फारुखनं, त्याला कागदावर सगळं लिहून दिलं होतं आणि तो एकेक ओळ बघून करत होता. आधी त्यानं बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. गुरुजींनी आधीच चालू करून गरम केलेली नाही म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. कागदावर तेच लिहिलं होतं, की गार इंजिन बघायला मिळालं तर मालक सरळ समजायचा. मग ब्रेकवर पाय ठेवून त्यानं गिअर मागं टाकला, पुढं टाकला, गाडी केव्हा पकड घेते ते तोंडातल्या तोंडात मोजलं. झट्‌दिशी घेतली. ऑइलची पट्टी काढून पांढऱ्या रुमालावर पुसली. लालसर, स्वच्छ. नाकाशी नेऊन हुंगली, जळका वास नाही. गुरुजी मागं हात बांधून उभे होते, पोरानं बरोबर गणित सोडवल्यासारखे.

फाट्यापर्यंत दोघं चक्कर मारून आले. जेमतेम दहा मिनिटं. मग शब्बीर घुटमळला. फारुखनं लिहिलं होतं, तासभर चालव, चढावर उभी कर, मग परत बघ. गुरुजी हसून म्हणाले, की तासभर पेट्रोल जाळायला मी काय परका आहे का तुला? शब्बीर खजील झाला. ज्यानं आपल्याला बाराखडी गिरवायला शिकवली त्याच्यावर संशय घेतल्यासारखं झालं. त्यानं कागदाची घडी केली, पण पुन्हा उघडली.

“गुरुजी, एक ऱ्हायलं,” तो म्हणाला. “फारुख म्हणतो, मालकाला इचारू नको, शेजारच्या शिटावर बसनाऱ्या बाईला इचार. गाडीचं खरं-खोटं तिला जास्त ठावं असतं. काकू कुठंयत?”

त्याच वेळी अयोध्याबाईंचा अध्याय संपला होता. शेवटची ओवी वाचून झाली होती. रोजच्या सवयीनं हात पोथी मिटायला गेले. पोथी मिटली, कपाळाला लावली की मौन सुटलं. मग दारात जाऊन बोलणं आलंच. अंगणातून शब्बीरच्या काठीचा टकटक आवाज जवळ येत होता. अयोध्याबाईंचे हात पोथीवरच थांबले. आणि त्यांनी पान उलटलं. अकरा वर्षांत एका सकाळी कधी वाचला नव्हता असा दुसरा अध्याय त्यांनी वाचायला घेतला.

शब्बीर उंबऱ्याबाहेर उभा राहिला. “काकू, मौन हाय व्हय?” त्यानं आवाज आपोआप बारीक केला. “मग बोलू नका. गाडीत काय खोट असंल तर नुसती मान हलवा. मला मंगळवारी अम्माला घिऊन जायचंय.”

पाटी दारामागं होती, हाताच्या अंतरावर. खडू सुतळीला लोंबत होता. अयोध्याबाई उठल्या, पाटीजवळून गेल्या, देवापुढची वाटी घेतली आणि रोज सगळ्यांना देतात तशी खडीसाखर शब्बीरच्या तळहातावर ठेवली. त्यांची मान हलली नाही, ना होकाराला, ना नकाराला. शब्बीरनं साखर पाहिली. दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावली आणि त्याचा चेहरा उजळला.

“बास,” तो गुरुजींना म्हणाला. “ज्या घरातली बाई येवढं पाळती, तिथं मला आनि काय बघायचं?”

गाडी त्याच दिवशी गेली. नावावर करायचे कागद सोमवारनंतर करू असं ठरलं. गुरुजींनी नोटांचा पुडका देवघरात, पोथीशेजारी आणून ठेवला. आजवर घरात आलेलं सगळं ते तिथंच ठेवायचे.

तो दिवस आणि रविवार अयोध्याबाईंनी कसा काढला, ते त्यांनाच माहीत. खोटं तर आपण बोललो नाही, असं त्या भाकरी थापताना स्वतःला सांगायच्या, आणि भाकरी हातातच फाटायची. रोजच्यासारखी साखर दिली, त्यानं तिचा काही अर्थ काढला तर आपण काय करावं? पण पोथी उघडली की डोळ्यापुढं ओव्या नसायच्या, ते उलटलेलं पान असायचं. नवऱ्यानं जे केलं ते त्याच्यापाशी. त्यांनी मात्र देवाला मध्ये घातलं होतं. दिलेल्या शब्दाआड त्या लपल्या होत्या, पावसात आडोशाला थांबावं तशा. सोमवारी शेजारच्या धुरपदाबाई सहज म्हणून गेल्या, की शब्बीर सगळीकडं सांगतोय, काकूंनी साखर देऊन गाडी दिली. अयोध्याबाईंच्या कानशिलांना आग लागल्यासारखं झालं.

मंगळवारी त्या पहाटे उठल्या, अंघोळ केली, दिवा लावला. पोथी उघडली नाही. नोटांचा पुडका पदराखाली घेतला आणि बाहेर पडल्या. गुरुजी तोंड धूत होते. त्यांनी पाहिलं, गुळणी तोंडात तशीच राहिली, पण त्यांनी हटकलं नाही.

रस्त्यात भेटणारी बाया-माणसं मौनाची वेळ म्हणून नुसती मान लववून बाजूला होत होती. तो मान अंगावर उकळतं पाणी पडावं तसा पडत होता.

शब्बीरच्या दारात गाडी चालू होती. अजीजाबी पुढच्या शिटावर बसून होत्या, मांडीवर दवाखान्याच्या कागदांची पिशवी. अयोध्याबाई खिडकीशी गेल्या.

“शब्बीर, गाडी बंद कर.”

तो त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला. या वेळेला हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यानं किल्ली फिरवली.

त्यांनी सांगितलं. भूमच्या पुढचा चढ, तो हिसका, महालिंगप्पा मिस्त्री, नवं ऑइल. बार्शीपर्यंत गाडी गरम होईल आणि वाटेत कुठं ना कुठं अम्मांना घेऊन उभी राहील.  पुडका त्यांनी खिडकीतून आत ठेवला आणि किल्ली मागितली. शब्बीर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. रागावला असता तर सोपं झालं असतं.

“मौनामुळं बोलता आलं न्हाय तुमाला,” शेवटी तोच म्हणाला. त्यांच्यासाठी वाट मोकळी करून देत होता तो.

अयोध्याबाईंना तिथून निघता आलं असतं. त्या निघाल्या नाहीत.

“नाही रे,” त्या म्हणाल्या. “मौन तू दारात यायच्या आधीच संपलं होतं. मी मुद्दाम दुसरा अध्याय वाचायला घेतला. तुला सांगावं लागू नये म्हणून.”

गल्लीत कुणाचं तरी कोंबडं ओरडत होतं. शब्बीरनं किल्ली काढून त्यांच्या हातात दिली, काठी घेतली, आणि जीपवाल्या सिदूला फोन लावत जरा पलीकडं गेला. पाठ करून उभा राहिला. अजीजाबी हळूच उतरायला लागल्या, तेव्हा अयोध्याबाईंनी हात पुढं केला. म्हातारीनं तो धरला, उतरली, मग सोडला.

“अम्मा, मी चुकले.”

अजीजाबींनी पदर नीट केला. “साखर आमी घरात सगळ्यांनी वाटून खाल्ली बाई,” त्या म्हणाल्या. “पैसे परत येत्यात, गाडी परत जाती. ती कशी परत देऊ?”

त्यात टोमणा नव्हता. म्हातारीला खरंच प्रश्न पडला होता.  जीप येईपर्यंत अयोध्याबाई तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अजीजाबींना पायरी चढवताना शब्बीर म्हणाला, “काकू, तुमी जा घरी,” आणि त्यांच्याकडं न बघता जीपमध्ये बसला.

गाडी तिथंच राहिली; अयोध्याबाईंना चालवता कुठं येत होती. किल्ली मुठीत धरून त्या बाजारातून परत आल्या. आताही लोक मान लववत होते.

गुरुजी ओसरीवर बसले होते, चहा समोर गार झालेला. त्यांनी किल्लीकडं पाहिलं.

“काय सांगितलंस?”

“सगळं.”

 मग गुरुजी जमिनीकडं बघत म्हणाले, “दुसऱ्या अध्यायाचं पण?”

अयोध्याबाई चमकल्या. म्हणजे त्यांना ऐकू गेलं होतं. अंगणात उभं राहून त्यांनी पोथी मिटायच्या वेळी पान उलटल्याचा आवाज ऐकला होता, आणि त्या वेळी त्यांना सुटल्यासारखं वाटलं असणार.

“हो. ते आधी सांगायला हवं होतं, शेवटी सांगितलं.”

गुरुजींनी मान हलवली. गुडघ्यावर हात देऊन उठले, चपला घातल्या. बाजारपेठेतून, आपल्या हाताखाली शिकलेल्या माणसांच्या दुकानांपुढून, त्यांना गाडी आणायला चालत जायचं होतं. त्यांनी किल्लीसाठी हात पुढं केला. अयोध्याबाईंनी ती त्यांच्या तळहातावर ठेवली, आणि आत जाऊन दारामागची पाटी कोरड्या फडक्यानं पुसायला लागल्या. पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.