कर्नाळ्यावरची दहा आकड्यांची चूक

तुमचा विश्वास बसणार नाही, माझाही बसला नसता. पण कर्नाळ्याच्या सुळक्यावरच्या माकडानं मला डोळा मारला, आणि मी तेव्हा विमानात बसलो होतो.

पनवेलच्या मासळीबाजाराबाहेर, चहाच्या टपरीवर मी अशी सुरुवात केली. रिक्षावाला शैलेश म्हणाला, कमळाकरदादा, गेल्या खेपेला माकडानं हात हलवला होता. ते माकड वेगळं, असं सांगून मी पुढे निघालो.

विमानात माझी भाची किशोरी, उरणच्या कोळ्यांची पोर. सहवैमानिक म्हणून नोकरीला लागून महिना झालेला. शेजारी कप्तान, वीस वर्षं विमानं उडवलेला, मिशा खेकड्याच्या नांग्यांसारख्या. पोरीची नोकरी पक्की होणार की नाही, ते त्याच्या शेऱ्यावर.

आता विमानाला उंची कळते ती हवेच्या दाबावरून. उतरण्याआधी विमानतळाच्या मनोऱ्यावरचा माणूस खालचा दाब सांगतो आणि दोघांनी तो आपापल्या यंत्रात लावायचा. त्या दिवशी आभाळ दाटलेलं, दाब उतरलेला. मनोरेवाला म्हणाला, एक हजार एक. कप्तानानं लावले एक हजार अकरा. दहा आकड्यांनी काय होतंय, म्हणाल. यंत्र दाखवतं त्याच्या पावणेतीनशे फूट खाली विमान. म्हणून तर माकडाच्या पापण्यासुद्धा मोजता आल्या मला.

कप्तान म्हणाला, "एक हजार अकरा."

यावर दुसऱ्यानं 'तपासलं' म्हणायचं असतं. शब्द पोरीच्या ओठांवर आलेला. साहेबाची चूक काढावी तर शेरा गेला, न काढावी तर आम्ही सगळे माकडाच्या मांडीवर.

पण आमच्या होडीची रीत काय? खाडीत शिरताना नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचा गडी काठी टाकून पाणी किती ते ओरडतो. होडी हाकणारा तांडेल नुसती मान डोलावत नाही. आपल्या बाजूनं स्वतः काठी टाकतो, मगच बोलतो. बापाच्या काठीवरसुद्धा होडी हाकायची नाही. पोर पाच वर्षांची असताना मीच शिकवलेलं. तिनं आपल्या यंत्राकडं पाहिलं.

"साहेब, माझ्यात एक हजार एक हाय."

कप्तानाच्या मिशा एकदम ओघळल्या आणि विमान वर चढलं. माकड हिरमुसलं.

टपरीवर काशीराम मासेवाल्यानं डोळे पुसले. शैलेश मात्र माझ्या पाठीमागे बघत हसत होता. वळून पाहिलं तर सुट्टीवर आलेली किशोरी, हातात बोंबलांची पिशवी घेऊन. कधीची उभी होती कोण जाणे. शैलेशनं तिलाच विचारलं, ताई, असंच झालं का?

"अकरा मी लावले होते, मामा," ती म्हणाली. "कप्तानांनी तिथल्या तिथे पकडलं. मी लगेच चूक कबूल केली, म्हणून शेरा चांगला लिहिलाय त्यांनी. आन तुमी त्या विमानात नव्हताच."