चार मात्रांची शांतता

मी एक जुना पियानो आहे, मित्रांनो. जव्हारमधल्या मुलींच्या एका वसतिगृहात, प्रार्थनेच्या खोलीतल्या भिंतीला टेकून मी उभा आहे. माझ्या पंच्याऐंशी पट्ट्यांपैकी एकाहत्तर अजून नीट बोलतात. पावसाळ्यात इथलं धुकं खिडकीतून सरळ आत येतं. माझं लाकूड फुगतं, आणि दाबलेल्या पट्ट्या वर यायला वेळ लावतात.

माझा जन्म कोलकात्याच्या एका कारखान्यात झाला. सागवानी पेटी, आत बिडाची जड चौकट आणि तिच्यावर ताणलेल्या दोनशेहून अधिक तारा. तारांवर नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, लहान लहान गाद्या टेकलेल्या असतात. पट्टी दाबली की गादी उचलली जाते, हातोडी तारेवर पडते आणि सूर निघतो. बोट काढलं की गादी परत तारेवर बसते आणि सूर थांबतो. सूर काढणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो थांबवणंही. पण हे मला फार उशिरा समजलं.

माझी पहिली चाळीस वर्षं मुंबईत एका कुटुंबात गेली. त्या घरातली मुलं माझ्यावर सोपे सोनाटा वाजवायची. सोनाटा म्हणजे दोन-तीन भागांची एक सलग रचना. जुन्या थोर संगीतकारांनी शिकणाऱ्यांसाठीही असे सोनाटा लिहिले आहेत, लहान आणि कमी सुरांचे. मुलं ते धावत वाजवून संपवायची. त्यांचे मास्तर म्हणायचे, या पायऱ्या आहेत, यावर रेंगाळायचं नाही. मलाही ते खरं वाटायचं. घरी पाहुणे आले आणि कोणी तसलं काही वाजवायला बसलं, की मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

पुढे ती मुलं परदेशी गेली, घर विकलं गेलं आणि मला या वसतिगृहाला देऊन टाकलं. टेम्पोतून घाट चढताना माझ्या दोन तारा तुटल्या.

इथे मला हर्षदाबाई भेटल्या. त्या मूळच्या जव्हारच्याच, इथल्या मुलींना वाजवायला शिकवायच्या. नाशिकला शिक्षिका असताना त्या पियानो शिकल्या होत्या. त्यांच्याजवळ सोप्या सोनाटांचं एकच पुस्तक होतं, शिवण उसवलेलं. मोठं काही त्यांना येत नव्हतं असं नाही, पण त्या पुन्हा पुन्हा हेच वाजवायच्या. इतकं सावकाश आणि इतकं निगुतीने, की मी पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. एका हाताने विचारलेलं दुसरा हात ऐकून घेतो आणि मग उत्तर देतो, हे मला तेव्हा कळलं. एकही सूर तिथे उगाच नव्हता.

त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलींमध्ये सूर्यमाळच्या एका पाड्यावरची चैती होती. आली तेव्हा अकरा वर्षांची. घरी वेगळी बोली बोलायची, म्हणून शाळेतल्या मराठीत बोलताना ती शब्द चाचपडायची. माझ्यावर मात्र तिची बोटं कधी चाचपडली नाहीत. दोन वर्षांत ती एका सोनाटाच्या संथ भागापर्यंत पोहोचली. या भागात उजवा हात एक साधी चाल गातो. ती चाल वर चढत जाते, एका सुरावर थांबते आणि मग चार मात्रा काहीच नसतं. दोन्ही हात स्तब्ध. त्यानंतर चाल खालच्या सुरांतून परत येते.

एकदा संस्थेचे एक पाहुणे आले. चैतीचं वाजवणं ऐकून ते बाईंना म्हणाले, "मुलगी हुशार आहे. पण हे फार सोपं आहे हो. तिच्याकडून काहीतरी मोठं बसवून घ्या."

बाई म्हणाल्या, "सूर सोपे आहेत, साहेब. पण इतके थोडे आहेत, की एकामागेही लपता येत नाही."

पाहुणे हसले आणि चहाला गेले. मे महिन्यात मुली सुट्टीवर गेल्या आणि माझं झाकण दीड महिना बंद राहिलं.

त्या सुट्टीत दोन गोष्टी घडल्या. एक माझ्या आत घडली. उंदरांनी माझ्या पेटीत घर केलं आणि एका सुराच्या गादीचा नमदा कुरतडून नेला. दुसरी सूर्यमाळला घडली. ती मला नंतर कळली.

जूनमध्ये चैती परत आली ती गप्पच. तिची धाकटी बहीण सुकरी विहिरीत गेली होती, एवढंच मुली आपसांत कुजबुजत होत्या. पंधरा दिवस चैती माझ्याकडे फिरकली नाही. मग एका दुपारी, सगळ्या शाळेत असताना ती एकटीच आली. तिने झाकण उघडलं आणि तोच संथ भाग सुरू केला. चाल वर चढली, त्या सुरावर आली. तिने बोट उचललं.

सूर थांबला नाही.

उंदरांनी नेलेली गादी नेमकी त्याच सुराची होती. चार मात्रांच्या शांततेत माझी ती तार एकटीच वाजत राहिली. लांबून, खोलातून आल्यासारखी, बारीक होत होत. चैतीचा चेहरा मी पाहिला. ती माझ्यावर वाकली, तिने कान माझ्या लाकडाला लावला आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत तशीच राहिली. पुढचं तिने वाजवलं नाही.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. रोज तिथपर्यंत वाजवायची, कान लावायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एकदा प्रतिक्षा नावाच्या तिच्या मैत्रिणीने दारातून ते पाहिलं. चैती माझ्याशी हळू आवाजात बोलत होती. बोट उचलल्यावरही पियानो वाजतो, ही बातमी सगळ्या खोल्यांत पसरली. पियानोत सुकरी आहे, असं मुली म्हणू लागल्या. प्रार्थनेलाही त्या माझ्यापासून दूर, दाराजवळ बसू लागल्या. मला बाहेर शेडमध्ये ठेवावं, असं अधीक्षिका म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यात कोणी नव्हतं. कुरतडलेला नमदा तेवढा होता. पण मी ते सांगणार कसं? ती पोर रोज माझ्याकडून हाक ऐकत होती, आणि मी रोज तिला ती देत होतो. इतकं वाईट काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

शेवटी बाईंनी वसईहून रूपेश नावाच्या कारागिराला बोलावलं. त्याने माझी पुढची फळी काढली, तसा त्याला दोष लगेच सापडला. तेवढ्यात चैती धावत आली आणि माझ्या पट्ट्यांवर आडवे हात टाकून उभी राहिली.

"नको. ती बंद होईल," ती म्हणाली.

बाईंनी रूपेशला बाहेर थांबायला सांगितलं. मग त्या चैतीशेजारी बाकावर बसल्या. त्यानंतर चैतीने जे सांगितलं, ते मी ऐकलं. उन्हाळ्यात विहिरीला तळाशीच पाणी होतं. सुकरी हलकी, म्हणून डबा घेऊन खाली तीच उतरायची, आणि चैती वरून दोर ओढायची. डबा भरायची वाट बघत चैती काठावरच्या दगडावर बोटांनी हाच सोनाटा वाजवत बसली होती. खालून सुकरीने हाक मारली. चालीची ओळ पुरी व्हायची होती. चैतीने ती पुरी केली आणि मग वाकून पाहिलं. तोवर विहिरीच्या कडेची माती सुकरीवर कोसळली होती.

"मी लगीच ओ दिली नाय, बाई," चैती म्हणाली.

तुझी चूक नाही, असं बाई घाईने म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिचा हात धरून माझ्या आत नेला, त्या तारेवर ठेवला आणि पट्टी दाबली. तार तिच्या बोटांखाली थरथरली. मग चैतीने तारेवर बोट दाबलं आणि आवाज बंद झाला. तिने तसं तीनदा केलं.

"ही तार आहे, चैते," बाई म्हणाल्या. "सुकरी यात नाही. तिला तार करून ठेवू नकोस."

चैती रडली. मग तिनेच रूपेशला आत बोलावलं. त्याने नवा नमदा कापून दिला आणि तिने तो स्वतःच्या हाताने गादीवर चिकटवला.

मला वाटलं होतं, आता ती माझ्याकडे कधीच येणार नाही. तसं झालं नाही. पण त्या चार मात्रा तिला जड जायच्या. कधी ती त्या गाळून पुढे पळायची, कधी अर्ध्यावर उठून जायची. शांतता पूर्ण मोजायला तिला तीन महिने लागले. मोठ्या, वेगवान रचनेत असली जागा सहज निसटून गेली असती. या सोप्या सोनाटात ती चुकवायला दुसरी वाटच नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीसाठी तिची आई, ठकी, तिला न्यायला आली. सुकरी गेल्यापासून घरात तिचं नाव कोणी काढलं नव्हतं. ठकी दाराशीच पिशवी घेऊन बसली. बाई म्हणाल्या, चैती, आईला ऐकव. चैतीने संथ भाग वाजवला. चाल वर गेली, सूर थांबला, चार मात्रा खोलीत काहीच नव्हतं, आणि मग चाल खालून परत आली. शेवटच्या सुरापर्यंत चैती थांबली नाही.

ठकी उठून माझ्याजवळ आली. तिने विचारलं, "मधी गप झालीस, तवा काय व्हतं?"

"कायच नाय, आये. तिथं थांबायचं असतं."

ठकीने पिशवी खाली ठेवली. "मंग परत वाजव," ती म्हणाली. "आन तिथं मी सुकरीचं नाव घेन."

चैतीने परत वाजवलं. ठकीने नाव घेतलं, एकदाच, साध्या आवाजात, बाहेर खेळणाऱ्या मुलीला बोलवावं तसं. नंतर दोघी सूर्यमाळची गाडी पकडायला गेल्या.

आता चैती नाशिकला नर्सिंग शिकते. बाई थकल्या आहेत, तरी आठवड्यातून दोनदा येतात. नव्या मुली माझ्यावर तोच संथ भाग वाजवतात. कोणी घाईने तो धावत संपवला, तर मला भीती वाटते. कोणी त्या चार मात्रा पूर्ण मोजल्या, तर मला जास्तच भीती वाटते, तिलाही तिथे कोणाचं नाव घ्यायचं असेल की काय. तरीही माझी एवढीच विनवणी आहे. माझं झाकण दीड-दीड महिना बंद ठेवू नका, उंदीर कुठेही शिरतात. आणि पुस्तकावर 'सोपे' असं छापलेलं असलं, तरी ते बोटांना सोपं आहे एवढाच त्याचा अर्थ घ्या.