आधी गुडघा कुणाचा टेकला

माझ्या गुरुबंधूच्या, याउ होयच्या तोंडून मला एकच वाक्य ऐकायचं होतं, 'वाय, तू माझा दादा.' बावन्न वर्षं वाट पाहिली. उद्या सकाळी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन, डॉक्टर फारशी खात्री देत नव्हते. म्हणून आज भेटीच्या वेळेला कौलूनच्या इस्पितळात जाऊन बसलो.

भांडण साधंच होतं. तलवारबहाद्दरांच्या सिनेमांची तेव्हा नुसती लाट होती. डोंगरावरच्या स्टुडिओत नायकाच्या जागी उड्या मारायला पोरं लागत. त्या उड्या शिकवायचे फान गुरुजी. शिष्य व्हायचं तर गुडघे टेकून त्यांना चहा द्यायचा, म्हणून आम्ही दोघं एकाच सकाळी चहाचा पेला घेऊन त्यांच्याकडे गेलो. आमच्यात वय कुणी विचारत नाही. गुरूपुढे ज्याचा गुडघा आधी टेकेल, तो जन्मभराचा दादा. माझा आधी टेकला. चहा पिऊन गुरुजींनी मान वर केली नि विचारलं, "थोरला कोण?" मी लाजून गप्प, तोवर हा ओरडला, "मी!" माझ्याहून दोन वर्षांनी लहान! तेव्हापासून मी त्याला दादा म्हणायचं, त्याच्या आधी घास उचलायचा नाही. लेकाने माझा मान लाटला तो लाटलाच.

पण काय दिवस होते ते! बांबूच्या परांचीवरून खाली रचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर उड्या, अंगात रेशमी झगा, डोक्यावर उसना अंबाडा. नायिकांच्या उड्यासुद्धा मी मारल्यात. थेटरात टाळ्या पडायच्या तेव्हा आम्ही मागच्या रांगेत शेंगा खात एकमेकांना कोपर मारायचो, "ती पाठ माझी!" तोंड कुणाचंच दिसायचं नाही. ती थेटरं आता पाडली, आणि माझा जीव अजून त्यांच्यातच अडकलाय.

"आलास? मेलो का बघायला?" पलंगावरून याउ होय म्हणाला.

"तू कसला मरतोस! पडद्यावर चारशे वेळा मेलास, काही झालं?"

तो हसला. मी सरळ विषयाला हात घातला. "आज खरं सांग. गुडघा आधी कुणाचा टेकला?"

"तुझा."

इतक्या सहज! मला रागच आला. "मग इतकी वर्षं मला दादा, दादा करायला लावलंस ते?"

"पहिल्या दिवशी नुसती खोडी काढली रे. तिसऱ्या दिवशी गुरुजींना खरं सांगायला निघालोच होतो. तेव्हा कळलं, नव्या उंचीवरून पहिली उडी थोरल्याने मारायची. खोकी पुरतात की नाही, ते त्याने बघायचं. वर पाहिलं, तर परांचीवर तुझे पाय लटपटत होते."

"आणि तुझे?"

"माझेही. पण मी दादा होतो ना."

दर नव्या उंचीवर तो मला बाजूला सारून पुढे व्हायचा, आणि मी समजायचो, मिरवतोय. त्याच्या डाव्या पायात अजून सळई आहे. माझं एक हाडही कधी मोडलं नाही. मला हुंदका आवरेना.

"रडतोस काय, नायिकेसारखा," तो पुटपुटला.

तेवढ्यात नर्स कागद घेऊन आली. "उद्या काही लागलं तर फोन कुणाला करायचा? तुम्ही कोण यांचे?"

याउ होय काही बोलायच्या आत मी म्हणालो, "धाकटा भाऊ."