लावलं तेव्हाची उंची

आमोण्याच्या हायस्कुलात सुशीलाबाई गणित शिकवायच्या. स्वतःच्या मुलीला आईने शिकवू नये म्हणून हेडमास्तरांनी मालतीला नववी ‘ब’मध्ये, नव्या वत्सलाबाईंकडे घातलं होतं. तेव्हा सुशीलाबाईंनाही ते बरंच वाटलं होतं. घरी शाब्दिक गणितं घेऊन बसलं की मायलेकींचं भांडणच व्हायचं.

एका संध्याकाळी मालती चहात पाव बुडवत एकटीच गणितं सोडवत होती. बाजूला तिने होडीसारखं काहीतरी काढलं होतं.

“हे काय गो?”

“बार्ज. खनिज भरायच्या आधीसुद्धा ती थोडी पाण्यात असतेच ना? ते सुरुवातीचं. मग खनिजाचा टिपर ट्रक रिकामा केला की दर टिपरामागे सारखीच खाली जाते. म्हणजे सुरुवातीचं अधिक वाढ गुणिले टिपर.”

“मी तुला वेगळं काय सांगत होते?”

“तू क्ष सांगायचीस. वत्सलाबाई आम्हाला नदीवर घेऊन गेल्या.”

मालती सहज बोलून गेली. सुशीलाबाईंना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ‘ब’च्या वर्गातून हसण्याचा आवाज आला की त्यांच्या हातातला खडू थांबायचा. गणिताच्या तासाला एवढं हसण्यासारखं काय असतं?

सहामाहीचा पेपर त्यांनीच काढला. ‘ब’ची मुलं आधी रिकामी बार्ज, म्हणजे सुरुवातीचा आकडा शोधतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तीच लपवली: ‘माडाचं रोप दरमहा सारखंच वाढतं. लावून चार महिने झाले तेव्हा ते ६२ सेंटीमीटर होतं, नऊ महिन्यांनी ८२. लावलं तेव्हा किती उंच होतं?’ पेपर जरा कडक असावा, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

परीक्षेला ‘ब’वर त्यांचीच देखरेख होती. शेवटच्या गणितापाशी एकेक मान वर होऊ लागली. सुशीलाबाईंना आतून गोड वाटलं. तेवढ्यात मालतीने पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. ती गोडी तिथेच कडू झाली.

पेपर संपल्यावर वत्सलाबाई आल्या. “चूक माझी आहे, बाई. मुलांना मी एकाच बाजूने शिकवलं. तुम्ही उद्या माझ्या वर्गात हे सोडवून दाखवाल?”

नाही म्हणायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. सुशीलाबाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘समजा, उंची क्ष.’ मालतीने अंग चोरलं. घरी बसायची तशीच. सुशीलाबाईंनी ती ओळ पुसली आणि एक रोप काढलं.

“चार महिन्यांपासून नऊपर्यंत किती वाढलं?”

“वीस!”

“किती महिन्यांत?”

“पाच. म्हणजे महिन्याला चार.”

“आता मागे चला. लावलं त्या दिवसापर्यंत.”

मुलांनी वह्यांत आकडे मांडले. मग मालती उभीच राहिली. “बासष्टातून चार महिन्यांचे सोळा काढायचे. सेहेचाळीस!”

“बरोबर,” सुशीलाबाई म्हणाल्या.

मालतीचा चेहरा फुलला. आणि ती वळली ती मागे, वत्सलाबाईंकडे. त्यांनी हसून मान डोलावली.

सुशीलाबाईंना टोचलं, अगदी पहिल्यासारखंच. तरी त्यांनी खडू उचलला. “आता हेच उलट, सुरुवातीपासून पुढे करून बघू,” म्हणत फळ्यावर दुसरं गणित लिहायला घेतलं.