होड्या उसवून शिड्या

वरच्या खोलीची लढाई आत्या जिंकली. पण असं काही घडलंच नाही, असं दादाने घरात जाहीर केलंय आणि मला दादाशी वैर नको. त्यामुळे जे घडलं नाही ते कसं घडलं नाही, एवढंच सांगते.

आत्या लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देते. मशीन जेवणाच्या टेबलावर. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि काळ्या कापडावरचा काळा टाका तिला हल्ली दिसतच नाही. वरच्या खोलीला मोठी खिडकी आहे. दादालाही तीच खोली हवी होती, गेम खेळायला. खिडकीवर तो आधी जाड पडदा लावणार होता. बाबांना कोणाचंच मन मोडवेना. "खेळूनच ठरवा," म्हणाले आणि अंघोळीला गेले.

दादाचा गेम लढाईचा. लाकूड, लोखंड जमवायचं, सैन्य उभारायचं, समोरच्याच्या किल्ल्यावर झेंडा लावायचा. आत्या तो माझ्या लॅपटॉपवर शिकली. तिला त्यातलं एकच बटण मनापासून आवडलं: 'मोडीत काढा'. ते दाबलं की आपलीच तुकडी नाहीशी होते आणि तिला लागलेलं निम्मं सामान परत मिळतं. दादाने ते जन्मात दाबलं नव्हतं.

"माझी माया आहे माझ्या सैन्यावर," तो म्हणाला.

"माया वर नसते रे, आत असते. शिवणीत जास्तीचं कापड सोडतात ना, ती माया. म्हणून तर उसवून पुन्हा शिवता येतं."

"आत्या, हे युद्ध आहे. पँट नाही."

"बघू या, राजे."

मी पंच होते. दादाने घोडदळ, दरवाजे फोडायचे ओंडके, सगळं एका चिंचोळ्या खिंडीतून आत्याच्या दारात नेऊन उभं केलं. आत फक्त दोन लाकूडतोडे होते. आत्याचं सैन्य होड्यांतून तळं ओलांडून दादाच्या किल्ल्यामागे पोचलं होतं.

दादा खो खो हसला. "भिंत बघितलीस? शिड्या कुठायत? लाकूड तरी आहे का?"

"आहे की. आत्ताच त्यात बसून आले."

बटण दाबलं. होड्या गेल्या, लाकूड आलं, शिड्या लागल्या.

"अगं, परत कशी जाणार?"

"परत कशाला? मला तिथेच राहायचंय. उजेड चांगला आहे."

वर लोखंडी दार लागलं. आत्याने चिलखती शिपाई मोडीत काढले आणि त्या लोखंडाचे हातोडे केले. "बाही गेली तर गेली, कॉलर निघेल," ती पुटपुटत होती. दादाने किल्ला वाचवायला सैन्य माघारी फिरवलं, तर त्याचेच घोडे त्याच्याच ओंडक्यांत अडकले. खिंड गच्च. मला राहवेना. पंच असूनही म्हटलं, "दादा, ओंडके मोडीत काढ, वाट मोकळी होईल."

"ते इतक्या लांब आलेत माझ्यासाठी!" दादाचा आवाज कापरा झाला. ओंडक्यांबद्दल.

"उसव रे," आत्याही म्हणाली. शत्रूला इतक्या प्रेमाने सल्ला देणारा सेनापती मी पाहिला नव्हता. दादाचं बोट बटणापर्यंत गेलं आणि मागे आलं.

दार फुटलं. झेंड्याच्या काठीला लाकूड हवं होतं, शिड्या गेल्या. कापडाला तंबू गेले. शेवटी आत्याकडे एकच शिपाई उरला आणि त्याने झेंडा वर चढवला. अख्खं सैन्य कामी आलं, पण मेलं कोणीच नाही. चिंधीसुद्धा वाया गेली नाही. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, जे पंचाला शोभत नाही.

मशीन जड होतं, म्हणून ते दादानेच वर नेऊन खिडकीशी ठेवलं. आत्याने काळं कापड उजेडात धरलं, पहिल्याच फटक्यात सुई ओवली आणि दादाच्या पाठीवर थाप मारली. दादा म्हणाला, आपण फक्त सामान हलवतोय, निकालाशी याचा संबंध नाही.

जेवताना मात्र त्याने घसा खाकरून बाबांसमोर तोंडी निवेदन केलं: "सदर लढाईअंती आमचे संपूर्ण सैन्य शत्रूच्या दारात शाबूत उभे आहे. सबब, जिन्याच्या वरच्या तीन पायऱ्यांना स्वतंत्र खोलीचा दर्जा देऊन त्या अर्जदारास पडद्यासह कायमस्वरूपी बहाल कराव्यात, ही नम्र विनंती."