उंबऱ्याच्या आत न उघडणारं पान

गल्लीत माणसं दाटली होती आणि प्रत्येकाच्या फोनमधून माझ्या मेलेल्या बायकोचा आवाज येत होता. पी-युनने इंटरनेटवर स्वतःचं पान केलं होतं. त्यावर ती आपल्या ताइनान शहरातल्या रांधण्याच्या कृती बोलून सांगायची. गल्लीत ते पान नीट उघडायचं. पण उंबरा ओलांडून माझ्या घरात आलं आणि पुन्हा उघडायला गेलं, की पडदा पांढराफटक. बाहेर पाऊल टाकलं की तिचा आवाज परत. आत-बाहेर करून पाहिलं नाही असं माणूस गल्लीत उरलं नव्हतं.

को गुरुजींच्या अंगात देव येतो. ते तिच्या तसबिरीपुढे डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "साऱ्या जगाला ती भेटते. या घराकडेच तिची पाठ आहे. का, ते घरधन्याने मनाला विचारावं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. बायको गेलेला माणूस मनाला काय विचारणार? उत्तर कधीच चांगलं येत नाही.

मग गुरुजींनी शेजारच्या फांग आजींचा फोन दोन्ही मुठींत धरला, पुटपुटले, अंगठ्याने पडदा पुसल्यासारखं केलं. घराच्या आत, आमच्या डोळ्यांसमोर, पान उघडलं. बायकांनी हात जोडले.

तिच्या टेबलाखाली एक काळी पेटी होती. त्या पेटीत काय चालतं ते पी-युनला आणि तिची भाची वान-रू हिला ठाऊक, मी कधी विचारलं नव्हतं. गुरुजींनी पेटीकडे बोट केलं. "बाहेर कोणी तिला हाक मारली की हा दिवा फडफडतो. बघा." गल्लीत कोणीतरी पान उघडलं आणि हिरवा दिवा खरंच फडफडला. माणसं मागे सरली. मीही पाहिलं. मीही एक पाऊल मागे घेतलं.

"जीव यात अडकलाय. ती गेल्याचा आज शंभरावा दिवस. सूर्य मावळायच्या आत पेटी अग्नीला द्या. नाहीतर ती सोबतीला इथलंच कोणीतरी नेईल."

गुरुजींनी कौल लावला. दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या, एक उताणी पडली, एक पालथी. म्हणजे होकार. मेलेल्यांसाठी कागदी नोटा जाळायचं पिंप दारात पेटलेलंच होतं. एका बाईने आपली नात घरी पाठवून दिली. माणसांनी मला वाट करून दिली. मी खाली बसलो आणि पेटीची वायर धरली.

"काका, हात काढा," मागून वान-रू म्हणाली. ती शाळेत संगणक शिकवते. मी सकाळी निरोप ठेवला होता, ती शाळा सुटल्यावर आली. "मावशीचं पान याच पेटीत आहे. दुसरीकडे कुठेही नाही. ही जळली तर तिचा आवाज गेला."

गुरुजी म्हणाले, "मास्तरीणबाई, पान पेटीत आहे, तर मग याच घरात का उघडत नाही?"

तिने फांग आजींना विचारलं, "आजी, तुमच्या फोनला या घरचं वायफाय कुणी जोडून दिलं?"

आजी म्हणाल्या, सुतकात आम्ही सगळ्या इथे बसून तिच्यासोबत जाळायला कागदाची कमळं दुमडत होतो, तेव्हा सगळ्यांनीच पासवर्ड घेतला.

वान-रूने आजींच्या फोनचं वायफाय बंद केलं. मंत्र नाही, काही नाही. पान उघडलं. चालू केलं, पान गेलं. मग तिने फोन गुरुजींसमोर टेबलावर ठेवला.

"आता म्हणा मंत्र. अंगठा मात्र लावू नका."

गुरुजींनी मंत्र म्हटले. मोठ्याने म्हटले. पडदा पांढराच राहिला. देव आज रागावला आहे, असं म्हणून ते घाम पुसू लागले.

"म्हणजे देव अंगठ्यात होता होय," फांग आजी म्हणाल्या. "मग माझ्याही आहे की."

वान-रूने नंतर सांगितलं ते असं. जुना राउटर विजेने जळला आणि अंत्यविधीनंतर नवा बसवला. त्याच्यावर मी हिरव्या पिशवीतला खाऊही ठेवला होता, यंत्रं शहाण्यासारखी वागावीत म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात तसा. पानाचा बाहेरचा पत्ता म्हणजे या राउटरचंच दार. बाहेरून कोणी आलं की राउटर त्याला पेटीकडे नेतो, ती वाट वान-रूनेच लावली होती. पण घरातल्याच कोणी तो पत्ता मागितला, तर त्याला वळवून परत आत आणणं या राउटरला येत नाही. जुन्याला यायचं. वायफाय बंद असलं की फोन आपल्या सिमच्या नेटवरून, म्हणजे बाहेरून येतो; गुरुजींचा अंगठा तेवढंच करत होता. आणि दिवा फडफडतो, कारण पेटी काम करत असते.

तिने माझ्या फोनवर पेटीचा घरातला पत्ता घातला. चार आकडे, मधे टिंबं. पान उघडलं. पी-युन दुधमासा या आमच्याकडच्या माशाची पेज सांगत होती. "आलं आधी घाला," ती म्हणाली. "माझा नवरा दरवेळी विसरतो."

को गुरुजी कधी गेले ते कोणी पाहिलं नाही. पिंप बराच वेळ जळत होतं.

तुमच्या घरीही कोणी असा येईल, तुमचं दुःख बघूनच येईल. तो आगीत काही टाकायला सांगेल. टाकण्याआधी एवढंच करा. त्याला हात बाजूला ठेवायला सांगा, आणि तोच चमत्कार पुन्हा होतो का ते बघा.